जुन्या ७०९ वर टोचनची बॉडी

सुरूर फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. पुण्या-मुंबईची माणसं महाबळेश्वरला जाताना इथूनच वाईकडे वळतात. मग पसरणी घाटात कुणाची क्लच प्लेट जळते, तर उतरताना कुणाच्या ब्रेकचा धूर निघतो. पलीकडे खंबाटकी आहेच. त्यामुळे टोचनचं, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचं काम आमच्याकडे आबांच्या काळापासून चालत आलेलं. त्यासाठी आबांची जुनी महिंद्रा जीप होती. तिच्या मागे जाड पाइपचा तिकोनी सांगाडा आणि त्याला टांगलेला दोन टनी चेन ब्लॉक. गाडीचं नाक साखळीनं उचलायचं, टायरचा तुकडा मध्ये कोंबायचा आणि निघायचं.

या जीपचं एक गमतीचं होतं. मागे जड गाडी लटकली की चढाला तिची पुढची चाकं हलकी व्हायची आणि स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायचं. आबा मला बॉनेटवर बसवायचे. "गप बस, हलू नको," एवढंच सांगायचे. मी तेव्हा नववीत. घाटात बॉनेटवर बसून जायला मिळतंय म्हणून खूश असायचो. आपल्याला वजन म्हणून ठेवलंय, हे कळायला बरीच वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पसरणी घाटात एक मोठी एसयूव्ही बंद पडली. मी जीप घेऊन पोचलो. मालकानं मोबाइलवर गाडीचं पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "भाऊ, ही ऑटोमॅटिक आहे, फोर व्हील ड्राइव्ह. कंपनीनं लिहिलंय, चारही चाकं जमिनीवरून वर पाहिजेत. तुमच्या जीपला नाही जमणार." बरोबरच होतं त्यांचं. दोन चाकं रस्त्यावर फिरत ठेवून अशी गाडी ओढली तर गिअरबॉक्सची वाट लागते. शेवटी साताऱ्याहून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रक आला, गाडी चढवली आणि पैसे घेऊन गेला. त्या महिन्यातली ही तिसरी गाडी. इलेक्ट्रिक गाड्यांचंही तेच, मोटर चाकाला जोडलेली असते, चाक फिरवत ओढायची सोय नाही.

मग मनावर घेतलं. नव्या चासीचा, म्हणजे बॉडीविना ट्रकचा हप्ता माझ्या गॅरेजला पेलणारा नव्हता. वाईतल्याच एका व्यापाऱ्याची टाटा ७०९, छोटा ट्रक, विकायला होती. २०१२ चं मॉडेल, आयुष्यभर स्ट्रॉबेरी आणि भाजी वाहिलेली. लाकडी हौदा, फाळक्यावर रंगवलेली लालभडक स्ट्रॉबेरी. इंजिन चांगलं होतं, धूर नाही, ऑइल खात नव्हती. ४ लाख ६० हजाराला ठरली. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता, चासी आली, आता बॉडीचा भाव काढायचा.

पहिली चूक इथंच झाली. मी भाव विचारत सुटलो.

साताऱ्याच्या एमआयडीसीतला एक फॅब्रिकेटर म्हणाला, साधी क्रेन करून देतो, बूम म्हणजे उचलायचा दांडा आणि विंच म्हणजे दोरी गुंडाळून ओढणारं यंत्र, १ लाख ६० हजार. म्हणजे माझीच जीप, जरा मोठी. नमक्कलला फोन लावला. ट्रक-ट्रेलरच्या बॉड्यांसाठी तमिळनाडूतलं ते गाव देशभर माहीत आहे. भाव आकर्षक होता, पण गाडी तिथवर न्यायची, तिथं ठेवायची आणि पुढं काही बिघडलं तर पुन्हा नमक्कल. तो विचार फोन ठेवतानाच संपला.

तिसरा महामार्गालगतचा एक बॉडीवाला. मोठं शेड, बाहेर चार-पाच चकाचक बॉड्या. "मालक, अठरा फुटी स्लाइड बेड देतो, मागं अंडरलिफ्ट देतो. एका फेरीत दोन गाड्या. सहा लाख वीस हजार." म्हणजे एक गाडी मागं सरकून कलणाऱ्या बेडवर, दुसरीचं नाक मागच्या उचलत्या हातावर. एका फेरीत दोन गाड्या म्हटल्यावर माझे कान टवकारले. त्यानं कॅल्क्युलेटरवर महिन्याचा धंदाही काढून दाखवला. मी २५ हजार ॲडव्हान्स देऊन आलो. गाडी त्यानं पाहिलीसुद्धा नव्हती. टेप लावणं तर दूरच.

चौथ्या माणसाकडे मी खरं म्हणजे भाव ताडून बघायला गेलो होतो. भोसरीत त्याचं छोटंसं वर्कशॉप आहे. भाव विचारल्यावर त्यानं उलट मलाच विचारलं, "व्हीलबेस किती?"

"३८०० मिलिमीटर."

"आणि केबिनच्या पाठीपासून मागच्या धुऱ्याच्या मधोमधपर्यंत?"

मला माहीत नव्हतं. त्यानं एका कागदावर गाडीचं आडवं चित्र काढलं, चार ठिकाणी बाण मारले आणि म्हणाला, "ही चार मापं घ्या. आरसीचा फोटो पाठवा. आणि मोकळी चासी काट्यावर नेऊन पुढचा धुरा वेगळा, मागचा वेगळा, असं वजन करून आणा. मग बोलू."

मला जरा राग आला होता. गिऱ्हाइकाला गृहपाठ देणारा हा पहिलाच. पण घरी येऊन हौदा उतरवला आणि मापं घेतली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुऱ्यांमधलं अंतर, साडेबारा फूट. केबिनच्या पाठीपासून मागचा धुरा नऊ फूट. काट्यावर आधी फक्त पुढची चाकं घेतली, १६८० किलो. मग पूर्ण गाडी, २६९०. म्हणजे मागे १०१०. आरसीवर एकूण वजनाची हद्द ७४९०.

हे आकडे घेऊन पुन्हा गेलो तेव्हा मिस्त्रींनी (वर्कशॉपचे मालक स्वतःला मिस्त्रीच म्हणवतात) माझ्यासमोर गणित मांडलं. मोटार वाहन नियमांत मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या धुऱ्याच्या मागं बाहेर येणारा भाग, व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. साडेबाराचे ६० टक्के साडेसात फूट. केबिन आणि बेडमध्ये अर्धा फूट मोकळी जागा पाहिजे. नऊ अधिक साडेसात वजा अर्धा, सोळा. माझ्या चासीवर सोळा फुटांच्या वर बेड बसतच नव्हता. अठरा फुटी बसवला असता तर मागं साडेनऊ फूट लोंबकळलं असतं आणि पासिंगला गाडी परत आली असती.

"सोळा फुटांत काय मावणार?" मी विचारलं.

"फॉर्च्युनर ४७९५ मिलिमीटर. पावणेसोळा फूट. इनोव्हा क्रिस्टा त्याहून सहा सेंटिमीटरनं आखूड. अजून काय चढवायचंय, लग्नाची बस?"

मग दोन गाड्यांची गोष्ट निघाली. अंडरलिफ्टचा हात बेडच्या शेपटापासून आणखी साडेतीन फूट बाहेर, म्हणजे धुऱ्यापासून अकरा फुटांवर. तिथं दुसऱ्या गाडीचं नाक उचललं की तिथे ७०० किलो धरा. ७०० गुणिले अकरा, भागिले साडेबारा. ६१६ किलो पुढच्या चाकांवरून उचललं जाणार आणि ते सगळं, वर ते ७०० आहेतच, मागच्या धुऱ्यावर. बेडवर फॉर्च्युनर असेल तर मागच्या धुऱ्यावर साडेपाच टनांच्या वर जात होतं. माझे टायर ७.५०-१६. मागचे चारही टायर मिळून तेवढं पेलत नव्हते.

मिस्त्री कागदावर आकडे लिहीत होते आणि मला बॉनेटवर बसलेला नववीतला मी दिसत होतो. माझं वजन तेव्हा चाळीस किलो असेल. आबांनी गणित केलं नव्हतं, पण त्यांच्या हाताला स्टेअरिंगनं ते सांगितलेलं होतं.

ॲडव्हान्स परत मागायला गेलो तर महामार्गावरचा बॉडीवाला म्हणाला, मटेरियल मागवून झालं. कसलं मटेरियल, गाडीचं मापच घेतलं नव्हतं. बरीच वादावादी होऊन साडेबारा हजार मिळाले. उरलेले माझ्या अडाणीपणाचे.

आता भाव. मिस्त्रींनी सोळा फुटी स्लाइड बेडचे ६ लाख ८५ हजार सांगितले. आधीच्यापेक्षा बेड दोन फूट कमी, अंडरलिफ्ट नाही आणि भाव ६५ हजारांनी जास्त. घरी कुणाला पटेना. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्हाला कुणीतरी गुंडाळतंय." त्यातून जीएसटी वेगळा. चासी आपली आणि बॉडीवाला फक्त बॉडी बांधून देतो तेव्हा ती सेवा धरली जाते, त्यावर १८ टक्के. म्हणजे १ लाख २३ हजार ३००. सगळे मिळून ८ लाख ८ हजार ३००. महामार्गावरच्या बॉडीवाल्याला जीएसटीचं विचारल्यावर तो हसला होता आणि "बिल कशाला पाहिजे?" म्हणाला होता. बिल आणि बॉडी नियमात बांधल्याचं बॉडीवाल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २२-अ, नसेल तर आरटीओत काय दाखवणार, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी मिस्त्रींना भाव फोडून मागितला. कुठं किती लागतं ते एकेक ओळीत. त्यांनी लिहून दिलं. त्यात माझ्या लक्षात आलेली मोठी गोष्ट म्हणजे लोखंडाचा खर्च मला वाटत होता त्यापेक्षा कितीतरी कमी होता. पैसा जात होता तो हायड्रॉलिकमध्ये: दोन सिलिंडर बेड कलता करायला, एक लांब सिलिंडर बेड सरकवायला, पंप, व्हॉल्व्ह, होज, शिवाय विंच. लोखंडाचा भाव लोक किलोवर सांगतात, आणि तिथं एक मेख आहे. किलोवर ठरलं की बॉडीवाल्याचा फायदा बॉडी जड होण्यात आणि आपला हलकी होण्यात. म्हणून मी अट घातली, भाव ठोक आणि बॉडीचं वजन १४८० किलो. त्याच्यावर ५० किलोपर्यंत चालेल, पुढच्या प्रत्येक किलोला शंभर रुपये कापणार. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आता शिकलात." बेडला लोखंडी चेकर प्लेटऐवजी ॲल्युमिनियमची घेतली तर दोनेकशे किलो वाचत होते, पण ७० हजार जास्त. माझं एकूण वजन हद्दीत बसत होतं, म्हणून लोखंडच घेतलं.

पंपाला ताकद कुठून द्यायची, यावर दोन दिवस गेले. बॅटरीवर चालणारा पॉवर पॅक स्वस्त पडतो, बसवायला सोपा. पण रात्री घाटात, लाइटा चालू, दोन गाड्या लागोपाठ चढवायच्या आणि बॅटरी बसली, तर टोचनच्या गाडीलाच टोचन बोलवायची वेळ. माझ्या गिअरबॉक्सच्या बाजूला पीटीओची, म्हणजे इंजिनची ताकद पंपासाठी बाहेर काढणाऱ्या जोडणीची, खिडकी होती, वर पत्र्याचं झाकण, सहा बोल्ट. ते उघडून बघितलं तर आतला गिअर शाबूत. पीटीओ आणि गिअर पंप बसवायचं ठरलं. जुन्या गाडीत ही खिडकी बघितल्याशिवाय कुणी भाव सांगत असेल तर तो अंदाजपंचे सांगतोय असं समजा.

विंचच्या बाबतीत मिस्त्रींनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. पाटीवर लिहिलेली ओढ ही ड्रमवर दोरीचा पहिलाच थर असतानाची. थरावर थर चढतात तसा ड्रम जाड होतो आणि ओढ कमी होते. गाडी बेडच्या टोकाशी येते तेव्हा सगळ्यात जास्त थर गुंडाळलेले असतात. म्हणून विंच एक पायरी मोठा घेतला आणि सोबत एक कप्पी. दरीत गेलेली गाडी काढायची तर कप्पीतून दोरी दुहेरी केली की ओढ जवळजवळ दुप्पट.

चासी शेडमध्ये गेली आणि चौथ्या दिवशी फोन आला. "येऊन बघा."

जुना हौदा लाकडी पट्ट्यांवर बसलेला होता. त्या पट्ट्यांखाली बारा वर्षं पाणी मुरलेलं. ग्राइंडरनं गंज काढल्यावर चासीच्या वरच्या पट्टीवर खड्डेच खड्डे. ते एक वेळ चाललं असतं. पण मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटजवळ कुणीतरी कधीतरी वेल्डिंग मारलेलं होतं, वर काळा रंग. मिस्त्रींनी छन्नीचं टोक लावून हलकेच ठोकलं. रंगाचा पापुद्रा उडाला आणि वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी रेघ दिसली, बोटभर लांब. चासीचं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथं कमजोर होतं आणि चीर वेल्डिंगच्या शेजारूनच सुरू होते. चासीला वेल्डिंग करू नये, वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये, हे आम्ही गॅरेजवाले एकमेकांना सांगतो आणि घाई असली की आम्हीच करतो. गाडी घेताना मी खाली शिरून बघितलं होतं. काळ्या रंगावर माझीही नजर घसरली.

आतून प्लेट लावून, बोल्टनं आवळून दुरुस्ती केली. २२ हजार. मागच्या कमानीत एकेक पाटा वाढवला, १४ हजार. हे दोन्ही खर्च कुणाच्याच भावात नव्हते, असूही शकत नव्हते.

या दुरुस्तीच्या वेळीच मी आणखी एक मागणी केली. बॉडी चासीला कुठंही वेल्ड करायची नाही. चासी आणि बॉडीच्या मध्ये वेगळा सांगाडा, म्हणजे सबफ्रेम, यू-बोल्ट आणि प्लेटा, सगळं नटबोल्टवर. कारण असं की गाडी २०१२ ची. गाडी जुनी झाली की फिटनेसची फी कितीतरी पटींनी वाढते. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग आणि पर्यावरण कर आहेच. म्हणजे या चासीची माझ्याकडं मोजकीच वर्षं. आठ लाखांची बॉडी या चासीवर संपवायची नव्हती. उद्या दुसरी ७०९ घेतली, व्हीलबेस हाच बघून घेतला, की बॉडी उचलून तिच्यावर. हे ठरल्यावर मेव्हण्याला भाव पटला, आणि मलाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायच्या आधी परवानगी लागते, करून झाल्यावर नाही. साताऱ्याच्या आरटीओत अर्ज, बॉडीचं ड्रॉइंग, नंतर फॉर्म २२-अ, बिल, तपासणी, आणि आरसीवर मालवाहूऐवजी रिकव्हरी व्हेइकल. बाजूचे गार्ड, मागचा गार्ड, रिफ्लेक्टर टेप यांवाचून कुणी बघतही नाही. विमा मालट्रकचा चालत नाही, वर्ग बदलावा लागतो. आणि बेडवर चढवलेली गिऱ्हाइकाची गाडी थर्ड पार्टीत धरली जात नाही, त्याचं वेगळं बघावं लागतं.

ट्रायलच्या दिवशी शेडमधलीच एक जुनी बोलेरो चढवली. बेड मागं सरकला, शेपूट जमिनीला टेकलं, विंचनं गाडी वर घेतली, चाकांना पट्टे लावले. माझा पोऱ्या लिव्हरवर होता. त्यानं बेड मागे सरकलेलाच ठेवून आधी सपाट करायला घेतला. शेपूट जमिनीवरून सुटलं आणि माझ्या ७०९ चं तोंड वर आलं. पुढची चाकं चार बोटं हवेत. कुणी ओरडलंच नाही. सगळे नुसते बघत उभे. मिस्त्रींनी जाऊन पोऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि लिव्हर हळूच उलटा केला. शेपूट टेकलं, चाकं टेकली. "आधी कलता असतानाच पुढं सरकवायचा," ते म्हणाले. "टोकाला भिडला की मग खाली. हे उलटं केलंस तर कुणी बॉनेटवर बसलं तरी उपयोग नाही." बॉनेटची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. बहुधा सगळ्याच टोचनवाल्यांकडं एक बॉनेटवरचं पोरगं असतं.

तयार गाडी काट्यावर नेली. ४२६५. पंप, तेल, वाढवलेले पाटे आणि दुरुस्तीच्या प्लेटा वजा केल्यावर बॉडी १५०५ भरली. ठरल्यापेक्षा २५ किलो जास्त, अटीत बसणारी. काट्याची पावती मी केबिनमध्ये सनव्हायझरला अडकवून ठेवली आहे.

चासी, बॉडी, जीएसटी, दुरुस्ती, पाटे, कागदपत्रं, विमा आणि ते बुडालेले साडेबारा हजार धरून मला गाडी साडेतेरा लाखांच्या थोडी वर बसली. धंदा चालू आहे. पावसाळ्यात कमी, मे महिन्यात आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत जोरात.

एक अडचण मात्र राहिली. सोळा फुटी बेड अठरा फुटीपेक्षा उभा पडतो. जमिनीशी साधारण बारा अंशांचा कोन होतो, आणि खाली बसलेल्या सेडानचा बंपर बेडच्या ओठाला घासतो. मिस्त्री म्हणाले, ॲल्युमिनियमचे रॅम्प मिळतात, जोडीचे अकरा हजार. मी घेतले नाहीत. हौद्याचा फाळका गॅरेजच्या मागं पडून होता. त्यातल्या दोन फळ्या कापून, एका टोकाला तासून घेतल्या. सेडान आली की पोऱ्या त्या चाकांपुढं मांडतो, गाडी फूटभर उचलल्यासारखी होते आणि बंपर सुटतो. एका फळीवर अर्धी स्ट्रॉबेरी अजून दिसते. गिऱ्हाइकं तिचा फोटो काढतात.